जाळीच्या दाराची किल्ली

अहमदी
३ ऑगस्ट २०२५

सुचित्रा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास. तुझ्या भावाने परवा "ताई बोलणार नाही, पुन्हा फोन करू नका" म्हणत फोन आपटला. आवाज दणदणीत आहे हो त्याचा, कान दुखला माझा. म्हणून आता कागद. श्वेता उद्या नाशिकला निघाली आहे, तिच्या हाती देते आहे. फाडायचं असेल तर वाचून मग फाड.

आम्ही अजून इथे आखातातच आहोत, अहमदीत, अरुणच्या मित्राच्या जुन्या कंपनी क्वार्टरमध्ये. ते लोक सुटीवर गेलेत. त्यांच्या पडद्यांना, उशांना, कशालाच धुराचा वास नाही आणि त्यामुळेच मला झोप लागत नाही. अरुणला लागते.

ऐकून तुला राग येईल, पण त्या आगीवरच सध्या माझं पोट चाललंय. शर्कमधल्या आमच्या ऑफिसला काम मिळालंय: जळालेली गल्ली पुन्हा कशी बांधायची आणि यापुढे भाड्याच्या इमारतींना कोणते नियम लावायचे, याचा मसुदा. जिने, दारं आणि गच्च्या माझ्या वाट्याला आल्या. वीस वर्षं तेच तर करते आहे, दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने मोकळे आहेत की नाहीत ते बघत फिरायचं. अहवालात मी लिहिलंय: 'शुक्रवार, १६ मे, दुपारी पाऊणच्या सुमारास तळमजल्यावरच्या एका दुकानात आग लागली. जोराच्या वाऱ्याने ती भिंतींवरच्या प्लास्टिकच्या आच्छादनावरून आणि गच्च्यांवरच्या पत्र्याच्या खोल्यांवरून चाळीस मिनिटांत चार इमारतींत पसरली. मृत तेवीस. त्यांपैकी नऊ जण दुसऱ्या इमारतीच्या जिन्यात, गच्चीखालच्या बंद जाळीच्या दारापाशी सापडले.' त्या नवांत तुझे जयराम आहेत. मी आकडा टाइप केला आणि पुढच्या ओळीवर गेले.

मॉर्चरीबाहेर तू मला दोन गोष्टी विचारल्या होत्यास. जाळीच्या पलीकडे काय सामान होतं, आणि जयरामभावोजींनी शेवटी कुणाला फोन केला असेल का. तेव्हा सांगितलं आणि तुला पटलं नाही, तेच आज सांगते. सामान काही नव्हतं. आणि त्या वेळी कुणाचा फोन कुणाला लागतच नव्हता गं.

माझं एकच मागणं आहे. आपला हारिस, म्हणजे राखणदार इद्रीस, त्याच्यावरचा खटला २१ सप्टेंबरला उभा राहतोय. इमारतीची राखण ज्याच्याकडे होती त्यानेच जाळीला कुलूप घालून नऊ जणांचा जीव घेतला, असा आरोप आहे. मृतांच्या घरच्यांकडून लेखी जबाब मागवलेत. तुझा जबाब लगेच पाठवू नकोस. का, ते आत्ता विचारू नकोस. थोडी थांब.

सुमेधा

अहमदी
२७ ऑगस्ट २०२५, गणेश चतुर्थी

सुचित्रा,

श्वेताने फोनवर सांगितलं, तू पाकीट घेतलंस आणि तिला साधं पाणीही विचारलं नाहीस. म्हणजे वाचलंस. बिचारीवर कशाला राग काढतेस, राग माझ्यावर आहे ना.

यंदा मंडळाचा गणपती नाही. मी घरात सुपारी मांडली, अरुणने आरती म्हटली, सगळी कडवी खणखणीत. मी मध्येच थांबले, तो थांबला नाही.

काल पाहणीसाठी आपल्या गल्लीत गेले होते. नियम अजून माझ्या टेबलावर आहेत, पण घण आधी पोचले. न जळलेल्या इमारतींत तोडफोड चालू होती. एका खोलीत प्लायवूडच्या भिंती घालून आठ-आठ माणसं राहतात ना, त्या भिंती. आत माणसं असतानाच घण बसत होते. एक जण दाराची चौकट सोडेना, तर त्याच्या बोटांवर बुटाने मारलं. त्याची गादी, त्याचा कुकर, त्याच्या आईचा फोटो, सगळं दुसऱ्या मजल्यावरून खाली. खाली उभा असलेला कुणी तरी हसला. सुरक्षेसाठी चाललंय म्हणे हे सगळं. मसुद्यात 'एका खोलीत चारपेक्षा जास्त माणसं नकोत' ही ओळ मीच लिहिली आहे. उरलेली चार माणसं कुठे जातील, ही ओळ कुणीच लिहिलेली नाही. ती रात्री गाड्यांमध्ये झोपतात.

तिथे सुगरा भेटली, इद्रीसची बायको. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीला आता दार नाही. ती माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, "बाय, त्येंचा जबडा तारेनं शिवलाय. बोलता येत नाय. तुमी बोला." मी तिला उठ म्हणाले. ती उठली नाही, तेव्हा मी तिला ओलांडून गाडीत बसले.

तुला तो मारहाणीचा प्रकार कितपत आठवतो? तू फुटपाथवर बसली होतीस, मासळीबाजारातून आणलेल्या पापलेटची पिशवी मांडीवर धरून. वरून कुणी तरी ओरडलं, "ऊपर ताला लगा है!" तू विचारलंस, कुणी लावलं? आणि अरुण म्हणाला, "किल्ल्या हारिसकडे असतात." एवढंच म्हणाला. तू ओरडलीस, "ह्याने मारलं माझ्या माणसाला!" मग आपली मंडळातली पाच-सहा माणसं, बँकेत आणि कॉम्प्युटरवर कामं करणारी, आरतीला टाळ वाजवणारी, इद्रीसवर तुटून पडली. त्याचे दोन्ही हात भाजलेले होते, कारण तळमजल्यावरची तीन पोरं त्यानेच बाहेर काढली होती. तो म्हणाला, "साहेब, ता कुलूप..." तेवढ्यात अरुणने गाडीतला चाकाचा पान्हा त्याच्या तोंडावर हाणला. खाली पडला तर परत. मी किती घाव बसले ते मोजलं नाही, पण पोटात नाही, पाठीवर नाही, सगळे तोंडावरच होते. दात माझ्या चपलेपाशी आले होते. तू पुढे होऊन सुगराच्या अंगावर थुंकलीस, आणि मी तुला सावरून धरलं.

जबाब पाठवला नसशील ना?

सुमेधा

अहमदी
१२ सप्टेंबर २०२५

सुचित्रा,

अक्षर वेडंवाकडं आहे. उजवी बोटं दारात सापडली, डाव्या हाताने लिहिते आहे. एकेका ओळीला वेळ लागतोय, त्यामुळे लांबण लावणार नाही.

तू दूतावासामार्फत जबाब पाठवलास असं कळलं. 'हारिसला जास्तीत जास्त शिक्षा व्हावी.' बरोबरच लिहिलंस. मी तुझ्या जागी असते तर याहून कडक लिहिलं असतं. पण तू ते खोट्यावर लिहिलंस, आणि ते खोटं माझं आहे.

ते कुलूप मंडळाचं होतं.

गेल्या वर्षीचा गणपती आठव. थर्माकोलचं बारा फुटी मखर, जयरामभावोजींनी महिनाभर कोरलेलं. विसर्जन झालं, आणि दरवर्षीचा तोच प्रश्न, ठेवायचं कुठे? मोडून टाकायचं म्हटलं की आपल्या लोकांच्या जिवावर येतं, पुढच्या वर्षी रंग देऊन चालेल ना! गच्चीखालचा शेवटचा जिना रिकामा होता. मीच म्हणाले, तिथे ठेवू. मखर, पडदे, रंगाचे डबे, सतरंज्या. त्या जिन्याच्या पायथ्याशी मालकाने लावलेलं ते जाळीचं दार, इद्रीस ते नेहमी उघडं ठेवायचा. वरच्या खोल्यांतली माणसं गच्चीवर कपडे वाळत घालायला जायची. कुणी तरी पडद्याची चादर केली, आणि कार्यकारिणीत ठरलं की जाळीला कुलूप हवं. अरुणने ते आणलं. किल्ली माझ्या जुडग्यात, कारण मी सचिव.

इद्रीसने हरकत घेतली होती. म्हणाला, "बाय, वरची वाट बंद करू नका. उद्या काय झाला तर?" सुचित्रा, जिने मोकळे ठेवायचा पगार घेणारी बाई मी. मी त्याला म्हणाले, "अरे, गणपतीचं सामान आहे, त्याला काय होतंय?" आणि त्याच्या हातावर दोन मोदक ठेवले. त्याने ते खाल्ले, आणि पुढे मखर वर चढवायला खांदाही दिला.

आगीनंतर त्याने पोलिसांना लिहून दिलं की कुलूप मंडळाचं आहे. पोलिसांनी मंडळाला विचारलं. आम्ही उत्तर पाठवलं की मंडळाचं कुठलंच सामान त्या इमारतीत नव्हतं. मंडळाची नोंदणी नाही, सगळ्यांचे इकामे, इथे राहायचे परवाने, रद्द होतील, पोरांच्या शाळा बुडतील, असं अरुण म्हणाला, आणि कार्यकारिणीतल्या सहाही जणांनी माना डोलावल्या. पत्राचा मजकूर माझा आणि सचिवाची सहीही माझीच.

दसऱ्याला आपण ऑफिसचे लॅपटॉप, पट्ट्या, किल्ल्या पाटावर मांडून पूजा करतो ना, तशी त्या किल्लीचीही केली होती. तिच्या खाचेत अजून कुंकू आहे.

सुमेधा

हवल्ली
२२ सप्टेंबर २०२५

सुचित्रा,

पत्ता बदललेला दिसला असेल. मी असमाकडे राहते आहे. आपल्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई, ज्या उडी मारून वाचल्या, त्या. त्यांचं कमरेचं हाड अजून जुळलेलं नाही आणि माझी बोटंही. दोघी मिळून एक पोळी लाटतो.

बोटं दारात सापडली नव्हती. मी अरुणला सांगितलं की खटल्याआधी जाऊन खरं सांगणार. तो पेपर वाचत राहिला. मी ड्रॉवरमधून किल्ली घ्यायला हात घातला आणि त्याने ड्रॉवर बंद केला, सगळं अंग टाकून. मग उघडून पुन्हा एकदा केला. वर म्हणाला, "आता कर सही." सव्वीस वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्यावर साधा आवाजही चढवला नव्हता. किल्ली मी डाव्या हाताने उचलली. मुठीत रक्त होतं की कुंकू, कळत नव्हतं.

तपास अधिकाऱ्याने आधी मला बाहेर दोन तास बसवलं. मग ते कुलूप आणलं, प्लास्टिकच्या पिशवीत, काळं पडलेलं. म्हणाला, घाला किल्ली. मला वाटत होतं, आत सगळं वितळलं असेल, बसणारच नाही. तसं झालं असतं तर मी घरी निघून गेले असते, हे तुला खरं सांगते. किल्ली आत गेली. अडली. मी जोर लावला आणि ती फिरली. खट्कन उघडलं, सुचित्रा, एवढ्या आगीतून निघूनही.

काल सुनावणी झाली. इद्रीसच्या जबड्यातली तार काढली आहे, पण त्याला अजून नीट बोलता येत नाही. न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याने फक्त माझ्याकडे बोट केलं. सुगरा रडली नाही. माझ्यावर आता वेगळा खटला होईल, देश सोडायला मला बंदी आहे. अरुणला इद्रीसला मारहाण केल्याच्या गुन्ह्यात पकडून नेलं. कार्यकारिणीतल्या बाकीच्यांनी मला ग्रुपवरून काढलं. एकीने आधी 'घरभेदी' लिहिलं आणि मग काढलं, तेवढी तसदी घेतली.

ऑफिसातूनही आजच कमी केलं. त्याआधी मसुदा पाठवून दिला. कलम चौदा साहेबांनी मला असं सांगितलं होतं: 'गच्चीच्या वाटेची वैयक्तिक जबाबदारी हारिसची राहील.' सगळ्यांना सोयीचं. मी लिहिलं: 'वाट जो अडवेल, मालक, भाडेकरू वा मंडळ, जबाबदारी त्याची. हारिसने हरकत घेतल्यास ती लेखी नोंदवली जाईल आणि वाट त्याच दिवशी मोकळी होईल.' साहेबांनी विचारलं, हे 'मंडळ' काय प्रकरण आहे? मी म्हणाले, राहू द्या. त्यांनी ठेवलं की खोडलं, ठाऊक नाही.

आणि एक. फोन लागत होते. जयरामभावोजींचा फोन मला आला होता. वर कुलूप आहे, किल्ली हवी, म्हणाले. मी जिन्यापर्यंत गेले, पण धूर फार होता, परत फिरले. त्यानंतर त्यांचे दोन फोन आले, ते मी उचलले नाहीत. हे मॉर्चरीबाहेरच सांगायला हवं होतं.

इद्रीसविरुद्धचा जबाब तेवढा मागे घे. माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिही.

सुमेधा

हवल्ली
९ ऑक्टोबर २०२५

सुचित्रा,

तुझं पाकीट काल मिळालं. आतला जबाब मागे घेतल्याचा कागद मी कोर्टात दिला, आणि आज दुपारी इद्रीस सुटला. मी दाराबाहेर उभी होते. मला पाहून त्याने मान वळवली आणि सुगराचा हात धरून रस्ता ओलांडला. बरं वाटलं मला. त्याने सलाम केला असता तर मी तिथेच कोसळले असते.

कागदामागे तू पेन्सिलने एक ओळ लिहिली आहेस. 'फोनवर काय बोलणं झालं, शब्दन् शब्द सांग.' ठीक आहे, सांगते.

मी जिन्यापर्यंत गेले नव्हते. गेल्या पत्रात तेही खोटंच लिहिलं. मी समोरच्या फुटपाथवर उभी होते. पहिल्या मजल्यावरून आम्ही वेळेत बाहेर पडलो होतो, देव पिशवीत घेऊन, आणि जुडगं माझ्या मुठीत होतं. अरुणने माझा दंड धरून ठेवला होता हे खरं आहे. पण त्याने सोडला असता तरी मी गेले नसते. मला जगायचं होतं.

फोन एकोणीस सेकंदांचा होता. तपासात त्यांनी नोंद काढली.

ते म्हणाले, "वहिनी, जाळीला कुलूप आहे. किल्ली तुमच्याकडे आहे ना?"

मी म्हणाले, "हो."

ते म्हणाले, "इथे नऊ-दहा जणं आहोत. आणताय ना?"

मी म्हणाले, "आणते."

त्यांचा आवाज घाबरलेला नव्हता. मखर वर चढवताना "जपून, कोपरा लागेल" म्हणायचे ना, तसाच होता. मग फोनपासून तोंड बाजूला करून ते कुणाला तरी काही बोलले, ते मला कळलं नाही, आणि फोन कटला.

ते काय बोलले, हे मला काल कळलं. तुझी ओळ मी असमाला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मैं वहीं थी, सुमेधा. सब नीचे भागने लगे थे. जयराम भाई ने रोका. बोले, रुको, नीचे मत जाओ, भाभी चाबी ला रही है." बाकीचे थांबले. जयरामभावोजींचा शब्द कोण मोडणार? असमाचा तेवढा विश्वास बसला नाही. ती धुरातून चाचपडत दोन मजले उतरली आणि जे दार उघडं दिसलं त्यात शिरली. तिथल्या बाल्कनीतून तिने खालच्या दुकानाच्या कापडी छतावर उडी टाकली. ते दार तुमचं होतं, सुचित्रा. बाल्कनी तुमची, तुझ्या तुळशीची.

मी "नाही जमत" म्हटलं असतं, नुसतं रडले असते, फोन उचलला नसता, तरी ते सगळ्यांना घेऊन स्वतःच्याच घरात उतरले असते. त्यांना वाट ठाऊक होती. कुलपाने ते गेले नाहीत. मी आणते म्हणाले, म्हणून ते थांबले.

सुमेधा